पहाटे चारचा ग्लास : कोलोनोस्कोपीआधी आतडं साफ करण्यामागचं गणित

माझ्या पहिल्या कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट दोन पानांचा होता आणि त्यातलं माझ्या कामाचं वाक्य एकच होतं : 'पूर्वतयारी अपुरी, तपासणी पुन्हा करावी.' चूक डॉक्टरांची नव्हती, औषधाचीही नव्हती. आदल्या संध्याकाळचं औषध मी इमानेइतबारे प्यायलो होतो. रात्री अकराच्या सुमारास पोटातून पाण्याशिवाय काही बाहेर पडेना. आता आत उरलंय काय, पहाटे उठून बाकीचं अर्धं औषध कशाला प्यायचं, असं स्वतःला समजावून मी गजर बंद केला आणि झोपलो.

सकाळी पडद्यावर जे दिसलं त्याचे फोटो रिपोर्टला जोडलेले आहेत. आतड्याचा शेवटचा, डावीकडचा भाग लख्ख आहे. गुलाबी, ओलसर, त्यावर लाल रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. उजवीकडचा, म्हणजे आतडं जिथून सुरू होतं तो भाग मात्र हिरवट-पिवळ्या, बुळबुळीत थरानं माखलेला. खाली नुसतं अस्तर आहे की पॉलिप नावाचा कोंब आहे, काही कळायला मार्ग नाही.

रात्री अकराला रिकामं झालेलं आतडं सकाळपर्यंत पुन्हा माखतं कसं, हे मला तेव्हा कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर मी मुकाट्यानं उठलो असतो. सूचनांच्या कागदावर 'काय करा' हे सगळं होतं. 'का' हे कुठेच नव्हतं.

दुर्बिणीला काय दिसायला हवं

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे अपेंडिक्स असतं तिथे, एका पिशवीसारख्या भागापासून ते सुरू होतं. या पिशवीला उंडुक म्हणतात. तिथून ते उजव्या कुशीनं वर चढतं, पोटात आडवं होऊन डावीकडे जातं, खाली उतरतं आणि एक नागमोडी वळण घेऊन गुदाशयात संपतं. दुर्बीण बरोबर उलट दिशेनं जाते : गुदद्वारातून आत शिरते ती उंडुकापर्यंत. आत जाताना डॉक्टरांचं लक्ष मुख्यतः वळणं सांभाळण्यावर असतं. खरी पाहणी होते ती दुर्बीण हळूहळू मागे घेताना. या परतीच्या वाटेवर निदान ६ मिनिटं, आणि अलीकडच्या शिफारशींप्रमाणे ८ मिनिटं, अस्तर निरखावं असा दंडक आहे. आतडं घाण असेल तर यातला वेळ धुण्यात आणि खेचण्यात जातो, बघायला उरत नाही.

शोध असतो तो पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या कोंबाचा. बरेचसे पॉलिप निरुपद्रवी असतात. काही जातींचे मात्र वर्षानुवर्षं हळूहळू बदलत जाऊन त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. हा प्रवास बहुधा १० वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून लांबचा असतो, आणि म्हणूनच ही तपासणी इतकी मोलाची. कॅन्सर व्हायच्या आधीच कोंब खुडून टाकता येतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास सरकवून पॉलिप कापून काढला. त्याआधी मोठ्या आतड्यात वरच्या बाजूला असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे.

सगळेच पॉलिप देठावरच्या मशरूमसारखे उठून दिसत असते, तर थोडी घाण चाललीही असती. पण काही अगदी सपाट असतात. रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच, कडा पुसट, वर शेंबडासारख्या चिकट स्रावाची टोपी. दातेरी म्हटले जाणारे हे सपाट पॉलिप उजव्या बाजूला जास्त सापडतात. म्हणजे नेमके तिथेच, जिथे माझं आतडं माखलेलं होतं. तयारी 'पुरेशी' कधी म्हणायची याची एक सोपी कसोटी तज्ज्ञांनी ठरवली आहे : ५ मिलिमीटरपेक्षा मोठी कुठलीही गाठ नजरेतून सुटणार नाही इतकं आतडं स्वच्छ हवं. ५ मिलिमीटर म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. यावरून किती स्वच्छता अपेक्षित आहे याचा अंदाज येईल.

रिकामं आतडं पुन्हा भरतं कसं

आपली समजूत असते की आतड्यात जे काही असतं ते आपण खाल्लेलं असतं. ती अर्धवट आहे. दिवसभरात लहान आतड्यात साधारण ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातला जेमतेम २ लिटर आपण प्यायलेला असतो. बाकी सगळी आपल्याच शरीराची निर्मिती : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचे स्राव. लहान आतडं यातलं बहुतेक शोषून घेतं आणि साधारण एक-दीड लिटर पुढे उंडुकात सोडतं. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषतं, आणि मळाबरोबर बाहेर पडतं ते फक्त १००-२०० मिलिलिटर.

आता हेच रात्रीच्या वेळी बघा. तुम्ही संध्याकाळी औषध घेतलं, आतडं धुतलं गेलं, तुम्ही झोपलात. तुम्ही झोपला असलात तरी यकृत झोपत नाही, स्वादुपिंड झोपत नाही. पित्त आणि स्राव मिसळलेला द्रव थेंब थेंब उंडुकात उतरत राहतो. मोठं आतडं आपलं नेहमीचं काम करतं, त्यातलं पाणी शोषून घेतं. मागे उरतो तो पित्ताच्या रंगाचा चिकट थर. ताटाला लागलेलं कालवण रात्रभर वाळलं की सकाळी जसं खरवडावं लागतं, तशातलाच हा प्रकार. आणि तो सगळ्यात आधी, सगळ्यात जाड बसतो उजव्या बाजूला, कारण लहान आतड्याचा नळ तिथेच उघडतो.

पहाटेचा डोस हा थर धुवायला असतो. आदल्या दिवशीचा अर्धा डोस मळ काढतो, दुसरा अर्धा रात्रीत साचलेलं काढतो. दोघांची कामं वेगळी आहेत. म्हणून 'आज सगळंच एकदम पिऊन टाकतो आणि निवांत झोपतो' हा हिशेबही चुकतो. औषधाची मात्रा तेवढीच असली तरी शेवटचा घोट आणि तपासणी यांच्यात जितके तास जास्त, तितका थर जाड. औषध दोन भागांत विभागून घेतल्यानं आतडं जास्त स्वच्छ होतं, पॉलिप जास्त सापडतात, आणि लोकांना ते सोसतंही बरं, हे एकामागून एक अभ्यासांत दिसून आलं आहे. म्हणूनच जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत आता हीच पद्धत आहे.

वेळेचा ढोबळ नियम असा : दुसरा भाग तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचा आणि किमान २ तास आधी संपवायचा. हे शेवटचे २ तास भूल देणाऱ्यांसाठी असतात. पोटात पाणी असताना गुंगीचं औषध दिलं आणि उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. काही ठिकाणी याहून जास्त वेळ तोंड कोरडं ठेवायला सांगतात. तुम्हाला दिलेल्या कागदावर जे लिहिलं असेल ते पाळा. सकाळी ९ ची वेळ मिळाली असेल तर पहाटे ४ च्या आसपास उठण्याला पर्याय नाही. दुपारची वेळ मिळाली असेल तर अनेकदा सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेता येतं आणि झोपही मोडत नाही. वेळ ठरवताना विचारायला हरकत नाही.

औषध नेमकं काय करतं

जुलाबाचं औषध म्हटलं की आतड्याला चाबूक मारणारं काहीतरी असं आपल्याला वाटतं. कोलोनोस्कोपीसाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध तसं नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बोलीभाषेत 'पेग', हा एक लांबलचक साखळीचा रेणू आहे. इतका मोठा की आतड्याच्या अस्तरातून तो रक्तात शिरतच नाही, आणि आतड्यातले जिवाणूही त्याला खात नाहीत. तो आपल्याभोवतीचं पाणी धरून ठेवतो. त्यात क्षार अशा बेतानं मिसळलेले असतात की शरीर त्या द्रावणातून पाणी आत ओढत नाही आणि स्वतःचं पाणीही त्यात सोडत नाही. जे प्यायलात ते जवळपास तसंच्या तसं खालून बाहेर. पाइपलाइन धुतात तसं.

हे ऐकायला साधं वाटतं, पण इथवर पोचायला बराच खटाटोप करावा लागला. आधी रोग्याला कित्येक दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवून जुलाबाची औषधं आणि एनिमा देत. मग मिठाचं पाणी लिटरच्या लिटर पाजून बघितलं, पण त्यातलं मीठ-पाणी शरीरात शोषलं जायचं आणि हृदय-मूत्रपिंडाच्या रोग्यांना ते झेपायचं नाही. मग आलं मॅनिटॉल, चवीला गोड. ते मात्र जिवाणूंच्या आवडीचं निघालं. जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजनसारखे ज्वालाग्राही वायू तयार होतात. पॉलिप कापताना विजेचा चटका देतात. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा एका रोग्याची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मॅनिटॉलनं तयारी केलेल्या आतड्यात चटका देताच स्फोट झाला आणि रोगी दगावला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकेतल्या डेव्हिस, फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी पेग आणि क्षारांचं ते तोललेलं द्रावण मांडलं. त्यात नेहमीच्या मिठाऐवजी बऱ्याच अंशी सोडियम सल्फेट वापरलं होतं, कारण सल्फेट आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. चव थोडी गंधकी, खारट का लागते याचं उत्तर यात आहे.

मूळचं द्रावण ४ लिटरचं होतं. पुढे त्याला इतर घटकांची जोड देऊन २ लिटरचे आणि त्याहून कमीचे प्रकार निघाले. काही प्रकारांत पेग नसतंच. मॅग्नेशियमचे किंवा सल्फेटचे क्षार असतात. हे क्षार शरीरातलं पाणी ओढून आतड्यात आणतात. प्यायचं प्रमाण कमी, त्यामुळे लोकांना आवडतात. पण ओढलेलं पाणी तुमचंच असतं, म्हणून वरून साधं पाणी आणि इतर पेयं भरपूर प्यावीच लागतात. अशा औषधाच्या कागदावर 'यानंतर इतके ग्लास पाणी' असं लिहिलेलं असतं. ती ओळ म्हणजे औषधाचाच भाग. तिसरा प्रकार खरोखर चाबूक मारणाऱ्यांचा : बायसाकोडिल, पिकोसल्फेट. यांनी आतड्याची हालचाल वाढते, मुरडा येतो. बहुधा ती दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात.

फॉस्फेटची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती अजूनही काहींच्या कपाटात सापडते. सोडियम फॉस्फेटचं घट्ट द्रावण एके काळी फार लोकप्रिय होतं. थोडंसं प्यायचं की काम झालं. पण काही जणांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम-फॉस्फेटचे कण साचून ती कायमची निकामी होऊ लागली. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी यावर कडक इशारा दिला आणि तिथे दुकानात सहज मिळणारं द्रावण बाजारातून मागे घेतलं गेलं. तात्पर्य, 'मागच्या वेळी काकांनी हेच घेतलं होतं' म्हणून कुणाचं उरलेलं औषध घेऊ नका. वय, मूत्रपिंड, हृदय, आधीची औषधं हे बघूनच डॉक्टर प्रकार निवडतात.

खाणं-पिणं

यात लोक सर्वात जास्त घाबरतात, आणि खरं तर आता नियम बरेच सैल झाले आहेत. बद्धकोष्ठ नसलेल्या, इतर मोठा आजार नसलेल्या माणसाला आदल्या एकाच दिवसाचं पथ्य बहुधा पुरतं. तीन-तीन दिवस उपाशी राहण्यात काही पुण्य नाही.

कल्पना अशी की चोथा कमी करायचा. सालं, बिया, पालेभाज्या, अख्खी धान्यं, सुका मेवा, कच्च्या कोशिंबिरी बंद. पांढरा भात, पांढरा ब्रेड, अंडं यांसारखं मऊ आणि चोथा नसलेलं चालतं. बियांवर इतका राग का? दुर्बिणीत घाण खेचून घेणारी जी नळी असते तिचा व्यास असतो साधारण ३ ते ४ मिलिमीटर. पाणी कितीही असो, ती सहज ओढते. टोमॅटोचं साल किंवा दोन-तीन बिया एकत्र अडकल्या की नळी तुंबते, मग डॉक्टर थांबतात, ती मोकळी करतात, परत सुरू. म्हणूनच पातळ घाण परवडते, घट्ट नाही.

औषध सुरू झालं की मग फक्त 'स्वच्छ द्रव'. कुठलं पेय यात बसतं याची ओळख सोपी आहे : ग्लासमागे छापील कागद धरा, अक्षरं वाचता आली तर चालेल. पाणी, गाळलेलं सूप, गर नसलेला रस, बिनदुधाचा चहा, कॉफी. दूध चालत नाही. लाल आणि जांभळी पेयं टाळायची, कारण ती आतड्यात रक्तासारखी दिसतात.

फक्त साधंच पाणी ढोसत राहू नका. जुलाबातून क्षारही जातात. नुसत्या पाण्यानं रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं, विशेषतः वयस्कांमध्ये आणि लघवीची औषधं घेणाऱ्यांमध्ये. सूप, रस, क्षारयुक्त पेय असं आलटून पालटून प्या.

रोजच्या गोळ्यांचं काय

हा भाग तपासणीच्या आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, डांबरासारखा. तो आतड्याला लागून बसतो. म्हणून त्या साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र मनानं काहीही करू नका. पॉलिप कापला तर रक्तस्राव होईल म्हणून त्या कधी थांबवाव्या लागतात, पण ज्याच्या हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप आहे त्यानं त्या परस्पर बंद केल्या तर गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. कुठली गोळी, किती दिवस, हे ज्यांनी ती सुरू केली आणि जे तपासणी करणार, त्या दोघा डॉक्टरांमध्ये ठरू द्या.

मधुमेह असेल तर नेहमीच्या मात्रेत इन्शुलिन घेऊन उपाशी राहणं धोक्याचं, साखर एकदम खाली येते. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या गोळ्या ३-४ दिवस आधी थांबवतात. त्या चालू असताना उपास घडला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं, आणि साखर ठीक दिसते म्हणून ते लक्षातही येत नाही. भूक कमी करणारी साप्ताहिक इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा, जठर सावकाश रिकामं होतं. आणि एक बारीक गोष्ट, जी सांगायची हमखास राहून जाते : जुलाब सुरू असताना घेतलेली कुठलीही गोळी अंगी न लागता वाहून जाऊ शकते. फिट येऊ नयेत म्हणून असलेल्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे.

ज्यांना आधीपासून बद्धकोष्ठ आहे, ज्यांच्या वेदनाशामकांत अफूजन्य औषध आहे, पार्किन्सन, जुना मधुमेह, किंवा मागची तयारी फसलेली आहे, त्यांचं आतडं मुळातच संथ असतं. त्यांना जास्त दिवसांचं पथ्य किंवा जास्त औषध लागतं. हे आधी सांगितलं तर योजना बदलते. नंतर सांगितलं तर फक्त तारीख बदलते.

प्रत्यक्ष ती रात्र

दुसऱ्यांदा तयारी करताना मी शहाणा झालो होतो. द्रावण सकाळीच तयार करून फ्रीजमध्ये ठेवलं, कारण गार असलं की चव निम्म्यानं मरते. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या भागापर्यंत नेली. घोट घेण्याआधी आणि नंतर लिंबू चाटलं. पहिला ग्लास गटागट संपवला. दुसऱ्या ग्लासाच्या मध्यावर घसा बंद पडल्यासारखा झाला. तोंडाला पाणी सुटलं, आणि सिंककडे बघत मी ठरवलं की बस झालं. पण तेव्हा सोडायचं नसतं, थांबायचं असतं. अर्धा तास चालत राहिलो, मळमळ उतरली, मग दर दहाऐवजी दर वीस मिनिटांनी एक ग्लास. वेग कमी केला तर चालतो. मात्रा कमी केली की घोटाळा.

पहिला जुलाब कुणाला अर्ध्या तासात होतो, कुणाला दोन-तीन तास लागतात. पोट फुगून दगडासारखं वाटतं, थंडी वाजते. एवढं गार पाणी पोटात गेल्यावर थंडी वाजणारच, पांघरूण जवळ ठेवा. सातव्या-आठव्या फेरीनंतर कागदानं कातडी सोलवटते, त्यामुळे ओल्या पुसण्या आणि पेट्रोलियम जेलीचा थर सुरुवातीपासूनच लावलेला बरा. कातडी सोलवटल्यावर लावलेली जेली काय कामाची? घरातलं माणूस वयस्क असेल तर पलंगापासून संडासापर्यंतचा दिवा रात्रभर चालू ठेवा आणि वाटेतली पायपुसणी उचला. अशक्तपणात, घाईत, अंधारात माणसं पडतात. औषधापेक्षा या धावपळीचीच मला जास्त भीती वाटते.

मळमळ, मुरडा, थोडी चक्कर हे अपेक्षित आहे. पण पोटात थांबता न थांबणारी कळ, पोट फुगत जातंय आणि खालून काहीच सुटत नाही, उलट्या थांबत नाहीत, भोवळ येऊन पडायला होतंय, गोंधळल्यासारखं होतंय, तर औषध तिथेच थांबवून फोन करा. आतड्यात अडथळा असेल तर हे औषध मुळात द्यायचंच नसतं. वरून पाणी येत राहतं आणि खाली वाट नसते. गेले काही दिवस पोट फुगलंय, वारा सरत नाही, अशी तक्रार असेल तर ती पुडी फोडायच्या आधी सांगा.

झालं, हे कसं ओळखायचं

भांड्यात बघायचं. दुसरा मार्ग नाही. आधी तपकिरी घट्ट, मग तपकिरी पातळ, मग गढूळ भगवट आणि शेवटी पिवळसर पाणी, लघवीसारखं, तळ दिसेल असं. पिवळा रंग गेला नाही म्हणून घाबरू नका, तो पित्ताचा, तो जाणार नाही. पारदर्शक पिवळं म्हणजे उत्तीर्ण. तरंगणाऱ्या दोन-चार तुसांनी बिघडत नाही. पण दुसरा भाग संपल्यावरही पाणी तपकिरी, गढूळ असेल तर घरून निघण्याआधी कळवा. लाजून 'हो, साफ झालं' म्हणू नका. खरं सांगितलं तर जास्तीचं औषध किंवा एनिमा देता येतो, वेळ दुपारी सरकवता येते. खोटं सांगितलं तर दुर्बीण आत गेल्यावर कळणारच आहे.

आत गेल्यावर डॉक्टर गुणही देतात. २००९ साली प्रसिद्ध झालेली बॉस्टन मोजपट्टी बऱ्याच ठिकाणी वापरतात. आतड्याचे उजवा, मधला, डावा असे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३. शून्य म्हणजे घट्ट मळामुळे काहीच दिसत नाही, तीन म्हणजे लख्ख. एकूण ९ पैकी किती यापेक्षा प्रत्येक भागाला निदान २ मिळाले का, हे महत्त्वाचं. डावीकडच्या तीन गुणांनी उजवीकडचा एक गुण भरून निघत नाही. माझे पहिल्या वेळचे होते १, २, ३. पहाटे चारला उठलो त्या वेळचे २, ३, ३. हे गुण तुमच्या रिपोर्टमध्ये शोधा. 'सर्व काही ठीक, पुढची तपासणी १० वर्षांनी' या वाक्याला किंमत आहे ती आतडं नीट दिसलं असेल तरच. तयारी अपुरी असेल तर १० वर्षं सोडा, वर्षाच्या आतच तपासणी पुन्हा करायला सांगतात.

दुसऱ्या तपासण्या

सगळ्याच तपासण्यांना एवढं दिव्य करावं लागत नाही. फक्त शेवटचा, डावीकडचा भाग बघायची छोटी दुर्बीण असेल तर बहुतेकदा एक-दोन एनिमांवर भागतं. सीटी स्कॅननं आतडं बघायचं असेल तर जुलाबाबरोबर एक खास द्रव देतात, तो उरलेल्या मळाला 'रंगवतो', म्हणजे चित्रात मळ कुठला आणि पॉलिप कुठला हे वेगळं ओळखता येतं. गिळायच्या कॅमेऱ्यानं, म्हणजे कॅप्सूलनं, मोठं आतडं बघायचं असेल तर मात्र तयारी उलट जास्त कडक लागते. कॅप्सूलला ना धुता येतं, ना खेचता येतं.

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. वर्षानुवर्षं शस्त्रक्रियेआधी आतडं धुवून घेत, कारण तसं करणं उघडच बरोबर वाटतं. पण नुसतं धुतल्यानं जखमेतला जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलं नाही. धुण्याबरोबर पोटातून घ्यायच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या तर तो कमी आढळतो. या गोळ्यांची मूळ योजना निकोल्स आणि काँडन या अमेरिकी शल्यचिकित्सकांची, १९७३ सालची. त्यामुळे तुमच्या शस्त्रक्रियेआधी जुलाबाबरोबर अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या असतील, तर मळमळ होतेय म्हणून नेमक्या त्याच सोडू नका.

तपासणी झाल्यावर दोन दिवस, कधी तीन दिवस, शौचाला होत नाही आणि लोक घाबरून फोन करतात. आतडं रिकामं आहे, भरायला वेळ लागतो, एवढंच. मात्र पॉलिप काढला असेल आणि नंतरच्या दोन आठवड्यांत कधीही गुठळ्या किंवा भरपूर रक्त गेलं, पोट कडक होऊन दुखू लागलं किंवा ताप आला, तर वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.